खेळाचे मैदान कोणाच्या मालकीचे?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता आरे-वारेच्या चढणीवर आला, की प्रवासी आपोआप थांबतो. खाली जुळ्या पुळणी, मागे सुरूचे बन आणि समोर अथांग पाणी. या रस्त्यावरून एस.टी. जाते, आंब्याचे टेंपो जातात, मुंबईकरांच्या मोटारी जातात आणि डबलसीट सायकल हाकणारी शाळकरी पोरेही जातात. गाडी कोणत्या कारखान्यात तयार झाली, हे रस्ता विचारीत नाही. उद्या एखाद्या मोटार कंपनीने जाहीर केले की, यापुढे हा रस्ता केवळ आमच्याच गाड्यांना खुला राहील, आणि त्यातही ठराविक वर्षांपूर्वीच्या गाड्यांना मज्जाव होईल, तर काय होईल? ग्रामसभा भरेल, निवेदने जातील, प्रसंगी रस्ता अडवला जाईल. संगणकाच्या जगात मात्र नेमके हेच गेली तीन दशके चालू आहे, आणि आपण ते पावसासारखे निसर्गाने नेमून दिलेले आहे असे समजून निमूटपणे सोसत आलो आहो.

हा विचार प्रस्तुत लेखकाच्या मनात घोळू लागला तो एका विद्यार्थ्यामुळे. पुळणीजवळ शहाळी विकून घर चालविणाऱ्या एका गृहस्थांचा हा मुलगा. मुंबईच्या काकांनी गणपतीला येताना आपल्या कचेरीतून निकालात काढलेला एक संगणक त्याच्यासाठी आणला. यंत्र जुने, पण धडधाकट. त्यावर विंडोज १० ही प्रणाली होती. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिची नियमित देखभाल थांबविली. आणखी एका वर्षाची मर्यादित सोय ठेवली, इतकेच. पुढची प्रणाली घ्यावी, तर ती विशिष्ट पिढीच्या आणि विशिष्ट सुरक्षा-चकती असलेल्या यंत्रांवरच अधिकृतपणे चालते. म्हणजे यंत्र चांगले असूनही त्याला म्हातारपण जाहीर झाले. आमच्या प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याने त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवून दिली. खर्च शून्य. यंत्र पूर्वीपेक्षा चपळ झाले. मराठी टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, महाजालावरील व्याख्याने, सारे व्यवस्थित चालू लागले.

महिन्याभराने चौकशी केली, तेव्हा मुलाने ती प्रणाली काढून टाकली होती आणि जुनी, आता असुरक्षित झालेली प्रणाली परत बसवली होती. कारण विचारता तो संकोचून म्हणाला, “सर, बाकी सगळं चालतं हो. पण आमचा खेळ चालत नाही. मग संध्याकाळी पोरं माझ्याशिवायच खेळतात.”

या उत्तरावर हसणे सोपे आहे. परंतु अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने हसून चालणार नाही. कारण त्या एका वाक्यात एका मोठ्या बाजारपेठेचे रहस्य दडलेले आहे.

मुक्त आणि फुकट

प्रथम शब्दांची थोडी उकल केली पाहिजे. इंग्रजीत ज्याला ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हणतात, त्यातील पहिल्या शब्दाने तिकडे पुष्कळ घोटाळा केला आहे. कारण त्या एकाच शब्दाने स्वातंत्र्यही सूचित होते आणि मोफतपणाही. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे मुक्त वेगळे आणि फुकट वेगळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांना मुक्तता अभिप्रेत होती. आज्ञावली हव्या त्या कामासाठी वापरता यावी, तिची रचना उघडून अभ्यासता यावी, तिच्या प्रती दुसऱ्याला देता याव्यात आणि तिच्यात सुधारणा करून ती सुधारणा समाजाला परत करता यावी, असे हे चतुर्विध स्वातंत्र्य आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिहिलेला ‘लिनक्स’ हा गाभा पुढे त्याला येऊन मिळाला आणि कोणा एकाच्या मालकीची नसलेली एक संपूर्ण प्रणाली जगाला उपलब्ध झाली.

कोकणच्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. किनाऱ्यावर रापण लागते, तेव्हा दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा मासळीत वाटा असतो. जाळे सामायिक, कष्ट सामायिक, वाटणीही ठरलेली. मुक्त प्रणाली ही जगभरच्या आज्ञावलीकारांनी मिळून ओढलेली रापणच आहे. फरक इतकाच, की येथे मासळी वाटल्याने कमी होत नाही. अर्थशास्त्रात जिला सार्वजनिक वस्तू म्हणतात, तिचे इतके चोख उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणे कठीण.

अशी उत्तम वस्तू विनामूल्य उपलब्ध असताना घरोघरी ती का पोचली नाही? आपल्या सरकारचा तिच्यावर विश्वास नाही असे नव्हे. सी-डॅक या संस्थेने २००७ साली ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स प्रणाली प्रसृत केली. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त-स्रोत आज्ञावलीला कारभारात प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. २०२३ साली तर संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी लिनक्सवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली स्वीकारल्याचे प्रसिद्ध झाले. देशाच्या संरक्षणाला जी प्रणाली विश्वसनीय वाटते, ती वारे गावातील मुलाला परवडत असूनही नकोशी होते. हे कोडे खेळांचा विचार केल्यावाचून सुटत नाही.

खेळाची किल्ली

मोठी माणसे संगणक कामासाठी घेतात. मुले तो खेळासाठी मागतात. घरात कोणती प्रणाली राहणार, हे बहुधा मुलेच ठरवितात, आणि पुढे तीच मुले कारकून, अभियंते, प्राध्यापक होऊन लहानपणीची सवय कचेरीत घेऊन जातात. ही गोष्ट मायक्रोसॉफ्टला फार पूर्वी उमगली होती. विंडोज ९५ बाजारात आली, तेव्हा खेळ तयार करणारे लोक जुन्या डॉस प्रणालीवरून हलायला तयार नव्हते. तेव्हा कंपनीने खेळांसाठी ‘डायरेक्टएक्स’ नावाची खास साधने निर्माण केली आणि १९९३ चा गाजलेला ‘डूम’ हा खेळ विंडोजवर आणण्याचे काम स्वतःच्या खर्चाने केले. त्या कामाचे नेतृत्व गेब न्यूएल या कंपनीतील तरुणाकडे होते. याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून ‘ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड’ ही खेळ-कंपनी विकत घेतली. जो व्यापारी खेळाला इतके महत्त्व देतो, तो त्याला पोरखेळ समजत नाही, हे उघड आहे.

यामागचे अर्थशास्त्र सरळ आहे. प्रणालीला गिऱ्हाइके हवीत तर तिच्यावर खेळ हवेत. आणि खेळ तयार करणारा म्हणतो, गिऱ्हाइके दिसल्याशिवाय मी येणार नाही. आधी कोंबडी की आधी अंडे, असा हा पेच आहे. त्यातच जाळ्याचा परिणाम मिसळतो: माझे दहा मित्र ज्या प्रणालीवर खेळतात, तिची किंमत माझ्या लेखी दसपट वाढते. अशा बाजारात सर्वांत चांगली वस्तू जिंकेलच असे नाही. जी आधी रुजली ती जिंकते, आणि जिंकली म्हणून आणखी रुजते. विद्यार्थ्याने प्रणाली बदलली ती गुणदोषांच्या तुलनेतून नव्हे. बाकीचे जेथे होते, तेथे त्याला जावे लागले. त्याला आपण निवड म्हणतो, हे आपले सौजन्य.

अशा पेचातून मिळणाऱ्या प्राप्तीला रिकार्डोच्या परिभाषेत खंड म्हणता येईल. कोकणाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. कूळ जमीन कसत असे, सरकार सारा घेत असे, आणि दोहोंच्या मध्ये उभा असलेला खोत केवळ उंबरठ्यावर बसल्याबद्दल आपला वाटा उचलीत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. आज संगणकीय दुकानांचे चालक खेळाच्या विक्रीतून ३० टक्क्यांपर्यंत वाटा घेतात. दुकान चालविण्यास खर्च येतो, हे मान्य. परंतु जेथे दुसऱ्या वाटेने गिऱ्हाइकापर्यंत पोचणे अशक्यप्राय असते, तेथे या वाट्यातील सेवेचे मोल किती आणि उंबरठ्याचे किती, हा प्रश्न विचारावाच लागतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हाच प्रश्न विचारून गुगलला एका प्रकरणात १,३३७.७६ कोटी आणि दुसऱ्यात ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दुसरी रक्कम अपिलात पुढे बरीच कमी झाली. मुद्दा रकमेचा नाही. वेस एकाच्या ताब्यात असली की काय होते, हे त्यातून दिसते.

खैरातची किल्ली

मुक्त प्रणाली आणि खेळ यांचा संगम झाला, तर शिक्षणाच्या दृष्टीने काय साधते, याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात घडून गेले आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात-धनगरवाडा नावाची वस्ती आहे. तेथील छोट्या शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलामागे एक संगणक’ या आंतरराष्ट्रीय योजनेतील हिरवे-पांढरे संगणक मुलांच्या हाती देण्यात आले. भारतातील हा त्या योजनेचा पहिला प्रयोग. या यंत्रावर लिनक्स होते आणि त्यावर ‘शुगर’ ही मुलांसाठी रचलेली मुक्त मांडणी होती. जोड्या लावण्याचे, चित्रांचे, सुरांचे खेळ त्यात होते. या यंत्राच्या कळफलकावर एक वेगळी कळ होती: समोर चाललेल्या कार्यक्रमाची मूळ आज्ञावली उघडून दाखविणारी. खेळता खेळता मुलाच्या मनात ‘हे होते तरी कसे?’ असा प्रश्न यावा, आणि तो येताच उत्तराचे दार त्याच्या बोटाखाली असावे, अशी ती योजना होती.

याच संगणकांसाठी ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’ या बड्या कंपनीने १९८९ चा आपला ‘सिमसिटी’ हा प्रसिद्ध खेळ देऊ केला, आणि जानेवारी २००८ मध्ये त्याची मूळ आज्ञावली ‘मायक्रोपोलिस’ या नावाने मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाली. खेळाडूने नगर वसवायचे, कर बसवायचे, रस्ते, वीज, पोलीस यांची तरतूद करायची, आणि अंदाजपत्रक तुटीत गेले की नागरिकांचा रोष सोसायचा, असा हा खेळ. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला यापेक्षा चांगले साधन कोणते? पण बंद खेळात विद्यार्थी एवढेच शिकतो की, कर वाढविला की लोक गाव सोडतात. मुक्त खेळात तो विचारू शकतो, ‘किती टक्क्यांनंतर सोडतात, आणि हे कोणी ठरविले?’ नियमाची ओळ त्याला सापडते. ती आकाशातून पडलेली नसून एका माणसाने आपल्या समजुतीप्रमाणे लिहिलेली आहे, हे त्याला कळते. ती बदलून गावाचे काय होते, हेही पाहता येते. प्रत्येक आर्थिक सिद्धांतामागे कोणाची तरी गृहीतके असतात, हे आम्ही वर्षभर फळ्यावर लिहून सांगतो. ते येथे एका दुपारी उमगते.

ती योजना जगभर अपेक्षेप्रमाणे फोफावली नाही, आणि यंत्र दिले की शिक्षण झाले, असे समजणाऱ्यांना तिने एक धडाही दिला. परंतु म्हणून तिच्यातील मूळ विचार खोटा ठरत नाही. केरळ राज्याने आपल्या सार्वजनिक शाळांतील संगणकशिक्षण सुमारे दोन दशके मुक्त प्रणालीवर चालवून दाखविले आहे. तेथे काही आभाळ कोसळलेले नाही.

आक्षेपांचा विचार

खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांचे आक्षेप मात्र प्रामाणिकपणे पाहिले पाहिजेत. पहिला आक्षेप गिऱ्हाइकांच्या संख्येचा. ‘स्टीम’ हे संगणकीय खेळांचे मोठे दुकान. ऑक्टोबर २०२५ च्या त्याच्या पाहणीत लिनक्स वापरणाऱ्यांचा हिस्सा प्रथमच तीन टक्क्यांच्या वर गेला. तीन टक्क्यांसाठी वेगळा खर्च कोण करील? दहा वर्षांपूर्वी हा आक्षेप बिनतोड होता. आज त्याची धार बोथट झाली आहे. आणि ती बोथट करणारे गृहस्थ कोण, तर ज्यांनी ‘डूम’ विंडोजवर आणला तेच गेब न्यूएल. १९९६ साली त्यांनी मायक्रोसॉफ्ट सोडून ‘व्हॉल्व्ह’ ही कंपनी काढली. २०१२ साली विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दुकान येताच आपला रस्ता दुसऱ्याच्या अंगणातून जातो, हे त्यांना कळून चुकले. २०१३ पासून त्यांनी आपले दुकान लिनक्सवर आणले; २०१८ साली ‘प्रोटॉन’ हे साधन प्रसृत केले, ज्याच्या योगे विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ लिनक्सवर जसेच्या तसे चालतात. या साधनाचा पाया ‘वाइन’ हा १९९३ पासून स्वयंसेवकांनी जोपासलेला मुक्त प्रकल्प आहे. २०२२ साली त्यांनी लिनक्सवर चालणारे ‘स्टीम डेक’ हे हातात मावणारे यंत्रही विकावयास काढले. यात परोपकार नाही. व्हॉल्व्हचे दुकान स्वतः मुक्त नाही, आणि तेही आपला वाटा घेतेच. परंतु पाव भाजणारा आपल्या हितासाठी पाव भाजतो आणि आपले पोट भरते, हे ॲडम स्मिथने सांगून ठेवलेच आहे. आता पुष्कळदा खेळ तयार करणाऱ्याने वेगळे काही करावयाचे उरलेले नाही. वाट अडवू नये, एवढेच पुरते.

दुसरा आक्षेप लबाडीचा, आणि तो अधिक वजनदार आहे. अनेकांनी एकत्र खेळावयाच्या खेळांत काही महाभाग आज्ञावलीत फेरफार करून जिंकतात. त्यांना पकडणाऱ्या यंत्रणा खेळाडूच्या संगणकाच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतात. ‘इझी अँटी-चीट’ आणि ‘बॅटलआय’ या दोन प्रमुख यंत्रणांनी २०२१ साली प्रोटॉनसाठी सोय केली. तिचा उपयोग करावयाचा की नाही, हे प्रत्येक खेळाच्या मालकावर सोपविले. काहींनी केला, अनेकांनी नाही. ‘एपेक्स लेजेंड्‌स’ या खेळाने ही सोय काही काळ देऊन, लबाडीचे कारण सांगत २०२४ च्या अखेरीस ती काढून घेतली. ही अडचण बनावट नाही. तथापि चोर पकडण्यासाठी प्रत्येकाच्या माजघरात शिपाई बसविणे, हा उपाय कितपत शहाणपणाचा? जुलै २०२४ मध्ये ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या, असाच गाभ्यात बसणाऱ्या आज्ञावलीतील एका चुकीने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि विमानतळांवर हाताने प्रवासपत्रे लिहिण्याची वेळ आली. लबाडीचा माग खेळ चालविणाऱ्याच्या मध्यवर्ती संगणकावर, खेळाडूच्या वर्तनावरून काढता येतो. तो मार्ग अधिक खर्चाचा आहे, म्हणून आज खर्च खेळाडूच्या स्वातंत्र्यावर ढकलला जात आहे. अर्थशास्त्रात याला खर्चाचे बाह्यीकरण म्हणतात. धुराडे असो की आज्ञावली.

तिसरा आक्षेप उलट दिशेने, मुक्ततेच्या कट्टर उपासकांकडून येतो. बंद खेळ मुक्त प्रणालीवर आणणे म्हणजे देवळात दुकान मांडणे, असे त्यांना वाटते. स्वतः स्टॉलमन यांनी २०१२ साली या प्रश्नावर लिहिताना दोन्ही बाजू मांडल्या होत्या: असे खेळ लोकांना स्वातंत्र्याचा विसर पाडतील, हा धोका खरा, पण बंद प्रणालीवर बंद खेळ खेळण्यापेक्षा मुक्त प्रणालीवर तो खेळणे निदान एक पायरी वर आहे. प्रस्तुत लेखकाला ही पायरी महत्त्वाची वाटते. खेळातील कथा, चित्रे, संगीत ही कलाकृती आहे. ती तिच्या कर्त्याने विकावी, तिच्यावर पोट भरावे, यात गैर काही नाही. नाटक तिकीट लावूनच होते. पण नाट्यगृहाकडे जाणारा रस्ता सर्वांचा असावा लागतो. आग्रह आहे तो रस्त्यासाठी.

राहिला मोबाइलचा मुद्दा. आपल्याकडील बहुसंख्य मुले खेळतात ती हातातल्या फोनवर, आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे. मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. पण गाभा मुक्त आणि वेस बंद, असे ते घर आहे. विहीर गावाची, पण रहाट एकाचा, असा प्रकार. मुक्त गाभ्यावरसुद्धा मक्तेदारी उभारता येते, याचेच ते उदाहरण होय.

जनतेचा पैसा, जनतेची वाट

हा प्रश्न आजच का उपस्थित करावा? कारण आता यात जनतेचा पैसा पडणार आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग, कॉमिक्स इत्यादी उद्योगांसाठी धोरण संमत केले. २०५० पर्यंत त्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा आहे. त्याच वर्षी मुंबईत या विषयांसाठी ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ ही राष्ट्रीय संस्था सुरू झाली. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर त्याने बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्‌स व शैक्षणिक-सामाजिक खेळांना उत्तेजन देण्याचे ठरविले. आपल्याकडे गुणवत्ता नाही असे नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्‌स गेम्स’ने २०२० साली ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणातील खेळ जगाच्या बाजारात नेऊन दाखविला आहे.

या पैशाबरोबर काही अटी घालणे शासनाच्या हाती आहे. त्या मोजक्याच असाव्यात. सार्वजनिक अनुदानाने तयार होणारा प्रत्येक संगणकीय खेळ मुक्त प्रणालीवर चालला पाहिजे. खेळाचा खासगीपणा कर्त्याकडे राहू द्यावा. पण खेळाडूला विशिष्ट कंपनीची प्रणाली विकत घेण्याची सक्ती नसावी. दुसरे, सरकारी आश्रयाने होणाऱ्या ई-स्पोर्ट्‌स स्पर्धांसाठी खेळ निवडताना हीच कसोटी लावावी. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी अमरावतीहून जाऊन १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक केले, तेव्हा त्यांना कोणा मालकाचा परवाना घ्यावा लागला नव्हता. मातीच्या मैदानावर आखलेल्या चार रेषा कोणाच्याच नसतात, म्हणून त्या खेड्यापाड्यांत पोचल्या. ज्याला आपण खेळ म्हणून मान्यता देणार, त्याच्या मैदानाविषयी एवढी अपेक्षा गैर नव्हे.

तिसरी अट टिकाऊपणाची. ‘युबिसॉफ्ट’ने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ या खेळाचे मध्यवर्ती संगणक बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला तो खेळ एका रात्रीत निरुपयोगी झाला. त्यावरून युरोपात उभ्या राहिलेल्या नागरिकांच्या निवेदनावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. जनतेच्या पैशावर तयार झालेला खेळ जेव्हा कर्ता चालवू इच्छित नाही, तेव्हा तो चालविण्याची साधने समाजाच्या हाती आली पाहिजेत. ‘इड सॉफ्टवेअर’ने ‘डूम’ची आज्ञावली १९९७ साली उघड केली, म्हणून तो आजही चालतो आणि विद्यार्थी त्यावर हात साफ करतात. चौथी गोष्ट शिक्षणाची. शासकीय संस्थांतून खेळनिर्मिती शिकविताना ‘ब्लेंडर’ आणि ‘गोडो’ यांसारखी मुक्त अवजारे प्रथम शिकवावीत. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘युनिटी’ या बहुप्रचलित अवजाराच्या मालकांनी खेळ बसविला जाईल तितक्या वेळा आकार लावण्याचे अचानक जाहीर केले, तेव्हा जगभरचे छोटे खेळकर्ते हवालदिल झाले. वर्षभराने तो बेत सोडावा लागला, हे खरे. पण आपल्या मुलांच्या हाती असे अवजार द्यावे, की ज्याचा दांडा दुसऱ्याच्या मुठीत आहे? ब्लेंडरवर तयार झालेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियाच्या चित्रपटाने २०२५ चे ऑस्कर मिळविले, हे लक्षात घेता मुक्त अवजारे दुय्यम असतात, ही तक्रार आता करता येणार नाही.

या अटींनी उद्योग दूर पळेल, अशी भीती घातली जाईल. तीन टक्क्यांचे गणित येथे उलटे वाचले पाहिजे. ते तीन टक्के आजच्या गिऱ्हाइकांचे आहेत. ज्या घरांत निकालात निघालेली यंत्रे येतात, जी घरे दर पाच-सात वर्षांनी नवा संगणक घेऊ शकत नाहीत, ती या पाहणीत अद्याप आलेलीच नाहीत. कोकणात, मराठवाड्यात, विदर्भात अशी घरे किती असतील, याचा अंदाज कोणत्याही शिक्षकाला आपल्या वर्गावरून नजर फिरविताच येईल. त्यांच्यापुढे आज दोनच मार्ग आहेत: असुरक्षित प्रणाली वापरणे किंवा एकटे पडणे. तिसरा मार्ग तांत्रिकदृष्ट्या तयार आहे. तो अडला आहे तो केवळ काही मालकांच्या होकारासाठी.

आमचा तो विद्यार्थी अजून जुन्याच प्रणालीवर खेळतो. त्याला दोष देण्याचे धैर्य प्रस्तुत लेखकाला होत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला मित्र सोडून तत्त्व धरावयास सांगणे, हे वयाने मोठ्या झालेल्या माणसांनी आपले काम त्याच्यावर ढकलण्यासारखे आहे. आरे-वारेचा रस्ता त्याने बांधला नाही. तो त्याला तयार मिळाला, कारण त्याच्या आधीच्या पिढीने रस्ता सर्वांचा असतो असे मानले आणि त्यासाठी कर भरला. या दुसऱ्या रस्त्याचे काम आता आपल्याकडे आले आहे. ३,२६८ कोटींची वही नुकतीच उघडली आहे. पहिल्या पानावर अट लिहिली गेली, तरच ती शेवटच्या पानापर्यंत टिकेल.